सी-१० चे पुढचे आर्म बदलले त्याची पूर्ण हकीकत, आणि ड्रायव्हर साईड नक्की कुठली

आधी गाडी सांगतो. १९७२ ची शेवरले सी-१० पिकअप, लाँगबेड म्हणजे मागे आठ फुटी हौदा, ३५० घनइंचाचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक, पॉवर स्टेअरिंग, आणि पुढे डिस्क ब्रेक, कारण १९७१ पासून कंपनीने पुढचे डिस्क स्टँडर्ड केले होते. चासी नंबरात वर्षाच्या आकड्यानंतर 'झेड' आहे. झेड म्हणजे फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, आणि मी राहतो पण फ्रीमाँटलाच. ज्या कारखान्यात ही बनली तो जीएमने (जनरल मोटर्स, शेवरले त्यांचीच) १९८२ ला बंद केला, मग १९८४ पासून तिथे जीएम आणि टोयोटाचा भागीदारीतला नुमी कारखाना चालला, २०१० ला तोही गुंडाळला आणि आता तिथे टेस्ला बनतात. म्हणजे आमची गाडी माहेरीच आहे, फक्त माहेरची माणसं बदललीत.

तक्रार एकच होती पण मोठी होती. ताशी पन्नास मैलांपर्यंत ठीक, साठच्या वर गेली की रस्ता सोडायची. एका बाजूला ओढत नव्हती, ओढणं वेगळं. ही कधी डावीकडे, कधी उजवीकडे, तिच्या मनाला येईल तशी. ८८० फ्रीवे वर कंटेनरच्या ट्रकांनी रस्त्याला चर पाडलेत, त्या चरात चाक गेलं की स्टेअरिंग सतत इकडून तिकडे करत बसायचं, अर्ध्या तासात खांदे भरून यायचे. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरची मागची दुसरी ट्रॉली डोलताना बघितली असेल तर समजा ती ट्रॉली तुम्ही चालवताय. बायको दोनदा बसली, तिसऱ्यांदा म्हणाली मी माझ्या गाडीने येते, तू हो पुढे.

मी तेव्हा काय ठरवलं होतं ते कबूल करतो. पुढचे चारही कंट्रोल आर्म, म्हणजे चाकं चासीला धरून ठेवणारे दांडे, काढायचे आणि नवीन ट्यूबचे, काळे चकचकीत आर्म घालायचे. का, तर फोटोत भारी दिसतात आणि सगळे तेच सांगतात. ऑर्डर करायला बसलो होतो आणि नेमके तेव्हाच आप्पा सहा महिन्यांसाठी आले होते. आप्पा म्हणजे वडील, मिरजेच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक. त्यांनी स्क्रीनवर किंमत बघितली, मनातल्या मनात रुपये केले, आणि एवढंच विचारलं, "मोजलंस का?"

म्हटलं काय मोजायचं.

"अरं मग दुखतंय कुठं ते न बघताच ऑपरेशन करायला लागलास की."

या वाक्याने माझे तीन शनिवार गेले, पण पैसे बरोबर जागी गेले, निदान बरेचसे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी रचना पटकन सांगतो. या पिकअपला पुढे अखंड अ‍ॅक्सल नाही. चासीखाली एक जाड क्रॉसमेंबर आहे, त्याला प्रत्येक बाजूला एक खालचा आर्म आणि एक वरचा आर्म. खालचा आर्म मोठा, त्याचा शाफ्ट क्रॉसमेंबरला यू-बोल्टने आवळलेला, आणि स्प्रिंग त्याच्यावर बसते म्हणजे पुढच्या गाडीचं वजन खालच्या आर्मवर आणि खालच्या बॉल जॉइंटवर (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, ज्यावर चाक वळतं). वरचा आर्म लहान, तो फक्त चाकाची मान धरून ठेवतो. वरचा शाफ्ट दोन बोल्टवर असतो आणि त्या बोल्टांवर पत्र्याच्या शिम असतात, दोन्हीकडे सारख्या घातल्या-काढल्या की चाक आत-बाहेर झुकतं म्हणजे कॅम्बर, आणि पुढच्या-मागच्यात फरक ठेवला की कॅस्टर (तो काय ते पुढे सांगतो). १९६० ते ६२ ला टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) होते, कॉइल स्प्रिंग १९६३ ला आली. मागच्या बाजूला दोन लांब ट्रेलिंग आर्म आहेत, त्याच पद्धतीची मागची रचना अमेरिकेतल्या नासकार रेसच्या गाड्यांनी पुढे वर्षानुवर्षं वापरली, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो आणि कोणालाही त्यात रस नसतो.

तर तपासणी. पहिला नियम आप्पांनी लावला, एका वेळी एकच वस्तू बदलायची. जॅक खालच्या आर्मखाली, जितका चाकाच्या जवळ लावता येईल तितका, कारण चासीला जॅक लावला तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते, बॉल जॉइंटवर ताण राहतो आणि त्याचा प्ले म्हणजे ढिलेपणा हाताला कळत नाही. आर्मखाली लावला की जॉइंट मोकळा. मग टायर वर-खाली धरून हलवायचा. डावीकडचा खालचा जॉइंट टक टक करत होता. उजवा बरा. मग मी आत बसून स्टेअरिंग थोडं थोडं हलवतोय आणि आप्पा खाली आडवे पडून एकेका सांध्यावर हात ठेवतायत. टाय रॉड एंड ठीक, आयडलर आर्म (स्टेअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या टोकाला आधार देणारा) मात्र चक्क पाव इंच वर-खाली होत होता. आप्पा खालून ओरडले, "ह्यो बघ, दातासारखा हलतोय."

आयडलर आर्म बदलला. स्टेअरिंगमधला मोकळा प्ले निम्म्याहून जास्त कमी झाला. पण भटकणं? थोडं कमी, पण होतंच. इथे मला वाटतं बहुतेक लोक चुकतात, मी पण चुकलो असतो. प्ले म्हणजे मी फिरवलेलं चाकापर्यंत पोचत नाही. भटकणं म्हणजे मी काही न करता चाक आपणहून फिरतं. दोन वेगळे आजार आहेत, लक्षण सारखं दिसतं.

दुसऱ्या आजाराचं नाव कॅस्टर. सायकलचा चिमटा बघा, तो सरळ उभा नसतो, पुढे पाय टाकल्यासारखा तिरका असतो. म्हणून सीट धरून नुसती सायकल ढकलली तरी ती बऱ्यापैकी सरळ जाते. गाडीत तोच तिरकेपणा म्हणजे वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा मागे. जितका मागे तितकं चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. आप्पांना मी हे समजावायला गेलो तर ते हसायला लागले. एसटीच्या गाडीला पुढे अखंड अ‍ॅक्सल, किंग पिन आणि पाटे, तिथे कॅस्टर कमी पडला की पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे पाचर घालतात. "पाचर म्हण की सरळ, कॅस्टर कशाला." मी इंजिनिअर, त्यांना कॅस्टर शिकवायला निघालो होतो.

जुन्या गाड्यांना कंपनीने मुळात कॅस्टर कमीच ठेवलेला असायचा. बऱ्याच गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नव्हतं आणि कॅस्टर वाढला की उभ्या गाडीचं स्टेअरिंग जड होतं, शिवाय टायर बायस प्लायचे, म्हणजे रेडियलच्या आधीच्या पद्धतीचे. आता आपण रेडियल टायर, पॉवर स्टेअरिंग आणि सत्तरचा स्पीड वापरतो आणि कॅस्टर मात्र तेव्हाचाच, मग कसं जमायचं.

मोजायला दुकानाची गरज नाही, हे मला माहीत नव्हतं. गॅरेजची फरशी लेव्हल आहे का बघितली, उजवीकडे थोडा उतार निघाला, तिथे प्लायचा तुकडा टाकला. प्रत्येक चाकाखाली दोन दोन व्हिनाइलच्या लाद्या, मधे ग्रीस, म्हणजे चाक फिरवताना टायर फरशीला न चिकटता सुटा फिरतो. खडूने वीस-वीस अंशाच्या रेघा मारल्या. मग चाक बाहेरच्या बाजूला वीस अंश फिरवायचं, डिजिटल अँगल गेज हबला लावून शून्य करायचं, मग आतल्या बाजूला वीस अंश फिरवायचं आणि जो आकडा येईल त्याला दीडने गुणायचं. तो कॅस्टर. आमचा आला डावा अधिक ०.७५ आणि उजवा अधिक ०.३. म्हणजे जवळपास नाहीच. कॅम्बर उलट भरपूर, डावा उणे १.४ आणि उजवा उणे १.७, टायर आतल्या कडेला खाल्लेले होते ते उगाच नाही.

कॅम्बर इतका उणे का, म्हणून टॉर्च घेऊन स्प्रिंग बघितली तर वरचं टोक ग्राइंडरने कापलेलं. आधीच्या मालकाने गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून दीडेक वेटोळं उडवलं होतं. गाडी खाली आली पण आर्म वरच्या बाजूला चढून बसले, वरचा आर्म आपल्या वर्तुळात फिरताना चाकाचा माथा आत ओढतो, म्हणून कॅम्बर उणे. तो सरळ करायला कोणीतरी शिम काढत गेला होता. आता बोल्टवर एकही शिम शिल्लक नाही, म्हणजे कॅस्टर वाढवायला हातात काहीच नाही. खिसा रिकामा करून झाला आणि उधारी तशीच. शिवाय बंप स्टॉप (आर्म चासीवर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) आणि आर्म यात जेमतेम बोटभर जागा, मोठ्या खड्ड्यात धाडकन आवाज यायचा तो हाच.

आता पर्याय. एक, जुनेच आर्म ठेवायचे, बॉल जॉइंट आणि बुश (आर्म शाफ्टवर जिथे फिरतो तिथल्या रबरी नळ्या) नवीन, स्प्रिंग मूळ उंचीची, झालं. सगळ्यात स्वस्त, आणि गाडी मूळ उंचीवर चालवणार असाल, फ्रीवे कमी असेल तर माझं प्रामाणिक मत की हेच करा. कंपनीचे आर्म दाबलेल्या पत्र्याचे आहेत, कुरूप आहेत, पण पन्नास वर्षं टिकलेत. फक्त वरचा बॉल जॉइंट कंपनीने रिव्हेटने बसवलेला असतो, ते रिव्हेट ड्रिल करून, छिन्नीने उडवून बोल्टवाला जॉइंट बसवावा लागतो, त्यात एक दुपार जाते. दोन, फक्त वरचे आर्म नवीन. तीन, चारही.

वरच्या नवीन आर्ममधे खरा मुद्दा ट्यूब नाही, मुद्दा हा की बॉल जॉइंटची जागाच मागे सरकवलेली असते. माझ्या गाडीला दोन बॉल जॉइंटमधे उभं अंतर साडेनऊ इंचाच्या आसपास भरलं. वरचा जॉइंट अर्धा इंच मागे गेला की तीन अंश कॅस्टर फुकट मिळतो आणि शिम कॅम्बरसाठी मोकळ्या राहतात. अर्धा इंच म्हणजे चार सूत. आप्पांना इथे एकदम घरी आल्यासारखं वाटलं कारण अमेरिकन पाने अजून इंचातच, आणि एक अष्टमांश इंच म्हणजे बरोबर एक सूत. डेपोत जुन्या लोकांकडून शिकलेलं सगळं मोजमाप कॅलिफोर्नियात जसंच्या तसं चाललं. खालच्या नवीन आर्ममधे जॉइंट जरासा पुढे असतो, तिथून अजून एक अंश.

मी चारही घेतले. सेट अकराशे डॉलरच्या आसपास, बॉल जॉइंट, शाफ्ट आणि पॉलियुरेथेनचे बुश लावूनच येतात. त्याशिवाय मूळ उंचीच्या स्प्रिंग आणि अडीच इंचाचे ड्रॉप स्पिंडल. स्पिंडल म्हणजे दोन बॉल जॉइंटमधला, चाक धरणारा तुकडा. त्याचं महत्त्व सांगितलंच पाहिजे, त्यात चाकाचा अ‍ॅक्सलच वर सरकवलेला असतो, त्यामुळे गाडी अडीच इंच खाली बसते पण आर्म मात्र कंपनीने ठरवलेल्या कोनातच राहतात. स्प्रिंग कापून जे मिळवायला गेले ते हे, फक्त बाकीचं न बिघडवता.

खोलायच्या दिवशी सकाळी आठला सुरू केलं. मागच्या चाकांना ओट, चासीखाली दोन घोड्या, घोड्या लावल्यावर आप्पांनी गाडी अंगाने दोनदा ढकलून बघितली आणि मगच मला खाली जाऊ दिलं. कॅलिपर काढून तारेने चासीला टांगला, ब्रेकच्या पाइपवर लटकत ठेवायचा नसतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढला. आता जी पायरी येते तिथे जीव जाऊ शकतो, म्हणून नीट वाचा. स्प्रिंग दाबलेली असते, खालचा आर्म सुटला आणि ती उडाली तर समोर जे असेल ते मोडते. स्प्रिंगच्या आतून आणि चासीवरून साखळी ओवून सैलसर बांधली. खालच्या आर्मखाली जॅक लावून थोडा भार घेतला. बॉल जॉइंटच्या नटची कॉटर पिन काढली, नट सैल केला पण चार आटे ठेवूनच. पूर्ण काढायचा नाही.

बॉल जॉइंटचा टेपर अडकलेला असतो. बरेच जण चिमट्यासारखं हत्यार ठोकून काढतात, त्याने रबर फाटतं, आम्हाला तसंही फेकायचेच होते पण आप्पांची पद्धत वेगळी. स्पिंडलचा जो डोळा टेपर धरून असतो त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि दुसऱ्या बाजूने दुसरा हातोडा मारायचा. नटवर नाही, डोळ्याच्या अंगावर. मी दहा-बारा मारले, काही नाही. आप्पांनी हातोडा घेतला, दोन हलके मारून आवाज ऐकला, तिसरा मारला आणि ठण्ण. आर्म नटपर्यंत खाली येऊन थांबला. चार आटे का ठेवायचे ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. मग जॅकवर भार घेऊन नट काढला आणि जॅक अगदी सावकाश, मुंगीच्या पावलाने खाली. स्प्रिंग हळूहळू लांब झाली, शेवटी हाताने हलवून बाहेर आली. कापलेलं टोक बघून आप्पा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

यू-बोल्टचे नट गंजलेले होते, रात्री तेल सोडून ठेवलं होतं तरी एक तुटलाच. नवीन यू-बोल्ट आधीच मागवून ठेवा, तुटणार हे धरूनच चाला. बुशचं रबर निघालं ते वाळलेल्या आंबापोळीसारखं भेगाळलेलं. क्रॉसमेंबर घासून, दिवा लावून भेगा बघितल्या, नव्हत्या, रंग दिला. तोवर संध्याकाळ झाली.

आता चूक.

नवीन आर्मवर कंपनीचे कागदी स्टिकर होते, एकावर ड्रायव्हर, दुसऱ्यावर पॅसेंजर. रात्री मी दमून झोपलो. आप्पांना जेट लॅग नव्हता पण त्यांची पहाटे साडेचारची सवय आहे. त्यांनी चहा घेतला, गॅरेजमधे गेले, चारही आर्म फडक्याने पुसले, स्टिकरचा गोंद बुशच्या कडेला लागला होता म्हणून स्टिकर काढून टाकले, आणि आर्म अगदी व्यवस्थित मांडून ठेवले, ज्या बाजूचा त्या बाजूला. मी सकाळी आलो, म्हटलं वा, मांडून पण ठेवलंय, आणि बसवायला घेतले. खालच्या आर्मला शॉकची जागा आणि स्प्रिंगची वाटी एका बाजूला असल्याने तो चुकीच्या बाजूला नीट बसेना, तर आम्ही म्हटलं इथेच काहीतरी उलटं ठेवलं गेलं असेल, आणि अदलाबदल केली. तिथेच टाळकं चालायला पाहिजे होतं. वरचे आर्म मात्र दोन्ही बाजूंना सारखेच बसतात, दिसायलाही जुळेच. बसले. नट आवळले, कॅसल नटचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळायचा, मागे सैल करायचा नाही, हे सगळं शहाण्यासारखं पाळलं. टॉर्क पान्याने किटच्या कागदाप्रमाणे सगळं केलं. टाय रॉड अंदाजाने दोरी लावून सरळ केले. दुपारी दोनला गाडी जमिनीवर.

गल्लीत काढली. वीस मैलाच्या स्पीडला पहिलं वळण घेतलं, स्टेअरिंग सोडलं, ते परत आलंच नाही. वळलेलं तसंच राहिलं. दुसऱ्या वळणाला तर अजून आत जायला लागलं. अकराशे डॉलर घालून गाडी आधीपेक्षा वाईट! घरी आलो, चेहरा पडलेला, आप्पा म्हणाले, "आता तरी मोज." लाद्या, ग्रीस, खडू, गेज. वीस अंश बाहेर, वीस अंश आत, उणे ०.७, दीडने गुणून उणे एक. दुसरीकडेही तेवढाच. दोन्ही बाजूला जवळपास सारखाच उणे म्हणजे गाडी वाकडी नाही, बसवण्यात काहीतरी पद्धतशीर चूक आहे.

मी वरचा आर्म वरून बघितला आणि जॉइंट शाफ्टच्या मध्यापासून पुढच्या बाजूला सरकलेला दिसला. मागे पाहिजे होता. चार सूत पुढे, म्हणजे तीन अंश मिळायच्या ऐवजी तीन अंश गेले, एकूण सहाचा फरक. म्हटलं आप्पा, तुम्ही ड्रायव्हरचा आर्म कुठल्या बाजूला ठेवलात? त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. मग गाडीत डावीकडे बसवलेल्या स्टेअरिंगकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ड्रायव्हर तर उजवीकडंच बसतो की," असं म्हणाले, पण आवाज गेला होता.

एकतीस वर्षं त्यांच्यासाठी ड्रायव्हर साईड म्हणजे उजवी बाजू. इथे ती डावी. चूक त्यांची नाही, माझी. मी बारा वर्षं इथे गाडी चालवतोय आणि मी एकदा आर्मकडे नीट बघितलं नाही. खालचे आर्म बसत नव्हते तेव्हाच गाडीने सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. त्या दिवशी घरी कोणी हसलं नाही, दुसऱ्या दिवशी बायकोने पोहे देताना "ड्रायव्हर साईडची प्लेट कोणाची?" असं विचारलं आणि मग आप्पाच सगळ्यात जास्त हसले.

वरचे आर्म अदलाबदल करायला स्प्रिंग काढावी लागत नाही, खालच्या आर्मला नीट आधार दिला की झालं, दोन तासांत उरकलं. परत मोजलं, डावा अधिक ४.९, उजवा अधिक ५.१. शिम अजून हातात शिल्लक.

मग अलाइनमेंट. हे घरी अंदाजे होतं, पण टो (पुढची दोन चाकं वरून बघितल्यावर किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) नीट लावायला दुकानातल्या रॅकवर जावंच लागतं, आर्म बदलल्यावर टो कुठच्या कुठे गेलेला असतो, तसंच चालवलं तर टायर महिनाभरात साफ. पहिल्या दुकानात (नाव सांगत नाही) पोराने कॉम्प्युटरमधे १९७२ ची सी-१० निवडली, स्क्रीनवर कॅस्टरचे आकडे लाल झाले, आणि तो म्हणाला कॅस्टर जास्त आहे, कमी करून हिरवा करून देतो. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच काढून टाकणार होता! त्याला किटचा कागद दाखवला, तो म्हणाला आमचं मशीन जे सांगतं तेच आम्ही करतो. पैसे न देता निघालो. दुसऱ्या ठिकाणी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी कागदही बघितला नाही, "किती पाहिजे?" एवढंच विचारलं. मी कागदावर लिहून नेलं होतं: कॅस्टर डावा ४.३, उजवा ४.७, कॅम्बर उणे ०.३ दोन्हीकडे, टो-इन एकूण एक अष्टमांश इंच. आप्पा म्हणाले एक सूत.

डाव्या-उजव्यात फरक का, तर रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, इथे आपण उजवीकडून चालतो म्हणून गाडी उजवीकडे घसरायला बघते. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, म्हणून डावीकडे थोडा कमी ठेवला की दोन्ही ओढ एकमेकांना खाऊन टाकतात. आपल्याकडे भारतात हे उलटं करायचं. हे आप्पांनी मी सांगायच्या आधीच सांगितलं, आणि या वेळी कुठली बाजू कुठली हे दोनदा विचारून.

निकाल. ८८० वर सत्तरला दोन बोटांवर गाडी चालते. चरात चाक गेलं तर जाणवतं पण गाडी आपणहून सरळ होते. नाईल्स कॅन्यनचा वळणावळणाचा रस्ता सुनोलपर्यंत जाऊन आलो, वळण संपलं की स्टेअरिंग हातातून सरकत आपोआप मधे येतं, ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी मुद्दाम परत मागे जाऊन तेच वळण पुन्हा घेतलं. पार्किंगमधे स्टेअरिंग थोडं जड झालं, पॉवर असल्याने चालतं, मॅन्युअल असतं तर साडेचार अंश घातले नसते.

अडचणी पण सांगतो. मूळ स्वे बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला आडवा दांडा) नवीन खालच्या आर्मला बसेना, त्याचे क्लॅम्प जुन्या पत्र्याच्या आर्मच्या आकाराचे, नव्याच्या गोल ट्यूबवर काय धरणार. दोन आठवडे बारशिवाय चालवली, वळणावर गाडी होडीसारखी कलायची, शेवटी नवीन बार घ्यावा लागला, तो खर्च हिशेबात नव्हता. आणि पॉलियुरेथेनचे बुश महिन्याभरात कुरकुरायला लागले, स्पीड ब्रेकरवरून जाताना जुन्या पलंगासारखा आवाज, ग्रीस निपलमधून ग्रीस भरलं की दोन-तीन महिने गप्प. रबरी बुशवाले जुने आर्म ठेवणार असाल तर ग्रीसची भानगड नाही, पण एक पथ्य, शाफ्टचे नट गाडी जमिनीवर उभी असताना, तिच्या वजनावर आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पैशाचं म्हणाल तर परत केलं असतं तर वरचे आर्म, स्पिंडल, स्प्रिंग एवढंच घेतलं असतं आणि खालचे जुनेच बुश-जॉइंट बदलून ठेवले असते. खालच्या नव्या आर्मने एक अंश दिला, तो मला शिममधूनही मिळाला असता, कारण कापलेली स्प्रिंग गेल्यावर शिमला जागा झालीच होती. खालचे मी दिसण्यासाठी घेतले, आणि गाडीखाली आडवं पडल्याशिवाय ते दिसतही नाहीत.

आप्पा परत जायच्या आदल्या दिवशी गॅरेजमधे खुडबूड करत होते. जुने आर्म त्यांनी टाकू दिले नव्हते, "चांगलं लोखंड हाय, कुणाला तरी लागंल." घासले, तेलाचा हात फिरवला, जुन्या चादरीच्या तुकड्यांत बांधले आणि कपाटावर ठेवले. नंतर बघितलं तर प्रत्येक गठडीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलंय, डावा, उजवा, डावा, उजवा. आणि शेवटच्या गठडीवर खाली बारीक अक्षरात, 'गाडीत बसून बघितल्यावर'.